सशांचे लग्न त्यांना खुपले. उंदराचे लग्न आपल्याला का खुपले नाही?

१९५८ साली अमेरिकेत लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक निघाले. नाव 'द रॅबिट्स वेडिंग', म्हणजे सशांचे लग्न. लेखक आणि चित्रकार एकच, गार्थ विल्यम्स. 'शार्लट्स वेब' आणि 'स्टुअर्ट लिटल' या गाजलेल्या पुस्तकांची चित्रे काढणारे हेच ते विल्यम्स. पुस्तक तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी होते आणि गोष्ट अगदी छोटी होती. रानात एक काळा ससा आणि एक पांढरी सशीण राहतात. दिवसभर उड्या मारतात, लपाछपी खेळतात. खेळता खेळता काळा ससा मध्येच थांबतो आणि उदास होऊन बसतो. सशीण विचारते, काय झाले? शेवटी तो मनातले सांगतो, तू कायम माझ्यासोबत राहावीस असे मला वाटते. ती हो म्हणते. दोघे कानात पिवळी रानफुले खोवतात. रानातले सगळे प्राणी जमतात, चांदण्यात फेर धरतात आणि लग्न लागते. संपली गोष्ट.

या पुस्तकात खलनायक नाही, भांडण नाही, शेवटी 'तात्पर्य' नाही. तरीही पुढच्याच वर्षी अलाबामा राज्यातला एक सिनेटर उठला आणि म्हणाला की हे पुस्तक कपाटातून काढून जाळले पाहिजे.

हा इतिहास आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावा असे मला वाटते. आपल्याकडे मुलांची पुस्तके हा विषय निघाला की चळवळीतला कार्यकर्ताही म्हणतो, 'अरे, प्राण्यांच्या तर गोष्टी आहेत, त्यात काय बघायचे?' अलाबामातल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांना असे वाटले नाही. आपला शत्रू कुठे बघतो हे कळले, की आपण कुठे बघायचे राहून गेलो तेही कळते.

अलाबामात काय घडले?

आधी काळ लक्षात घ्या. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाविरोधी ठरवली. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामाच्या मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि तिथल्या काळ्या जनतेने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्याच आंदोलनातून मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले. गोऱ्या वर्चस्ववाद्यांनीही 'व्हाईट सिटिझन्स कौन्सिल' नावाची संघटना उभी केली होती. शाळा, बस, उपाहारगृह, प्रत्येक ठिकाणी त्यांचा एकच सवाल असे: आज तुम्ही शेजारी बसू द्या म्हणता, उद्या काय आमच्या मुलींशी लग्न करणार?

अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेत लिहिलेले होते की गोरी व्यक्ती आणि काळी व्यक्ती यांच्या लग्नाला मान्यता देणारा कायदा विधिमंडळाने कधीही करू नये. ज्या १९५८ साली सशांचे पुस्तक निघाले, त्याच वर्षी दुसऱ्या एका दक्षिणी राज्यात, व्हर्जिनियात, मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याला पोलिसांनी रात्री घरात शिरून अटक केली. गुन्हा एवढाच, की ती काळी आणि तो गोरा असून त्यांनी लग्न केले होते. त्यांना २५ वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर सोडले गेले. पुढे त्याच न्यायाधीशाने निकालात लिहिले की ईश्वराने वेगवेगळे वर्ण वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी त्यांची सरमिसळ व्हावी अशी त्याची इच्छा नव्हती. पुरुषसूक्त वाचलेल्या आपल्या माणसांना हा युक्तिवाद नवा वाटणार नाही.

अशा हवेत सशांचे पुस्तक अलाबामाच्या ग्रंथालयांत पोहोचले. कौन्सिलच्या मॉन्टगोमेरीतल्या पत्राने आरोप केला की हे तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी केलेले वर्णमिश्रणाचे प्रचारसाहित्य आहे. सिनेटर ई. ओ. एडिन्स यांनी तो विषय हाती घेतला. राज्याच्या ग्रंथालय सेवेच्या संचालक होत्या एमिली व्हीलॉक रीड. त्यांनी पुस्तक वाचले, त्यांना त्यात आक्षेपार्ह काही दिसले नाही आणि त्यांनी ते नष्ट करायला नकार दिला. मात्र दबाव वाढल्यावर त्यांनी पुस्तक उघड्या कपाटातून काढून राखीव कपाटात ठेवले. कुणी ग्रंथपालाने मागितले तर द्यायचे, समोर मांडायचे नाही. एवढ्यानेही समाधान झाले नाही. ग्रंथालयांचे पैसे रोखण्याच्या धमक्या आल्या. त्यानंतर रीड यांनी वाटलेल्या शिफारशीच्या यादीत मार्टिन ल्यूथर किंग यांचे पुस्तक निघाले, तेव्हा पुन्हा वादळ उठले. संचालकपदावरची व्यक्ती अलाबामातच जन्मलेली असावी, असा कायदा आणण्याची हालचाल झाली. रीड बाहेरच्या राज्यातून आलेल्या होत्या. बाईंच्या कामात खोट काढता येईना, तेव्हा जन्म काढला! १९६० साली त्या अलाबामा सोडून गेल्या.

रीड यांचे धैर्य मान्य करू, पण एक गोष्ट विसरू नये. ज्या काळ्या मुलांच्या नावाने हे वादळ उठले, त्यातली बहुतेक मुले त्या ग्रंथालयांच्या मुख्य इमारतीत पाऊलही ठेवू शकत नव्हती. १९६२ साली न्यायालयाच्या आदेशाने मॉन्टगोमेरीचे ग्रंथालय सर्वांना खुले झाले, तेव्हा व्यवस्थापनाने वाचनकक्षातल्या खुर्च्याच काढून टाकल्या. काळा-गोरा शेजारी बसू नये म्हणून कुणालाच बसू द्यायचे नाही! २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यालो, त्यानंतर तिथल्या सवर्णांनी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून तळे 'शुद्ध' केले होते. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, त्याने ते बाटत नव्हते. माणूस प्याल्याने बाटले. खुर्च्या उचलणारे हात आणि शेणाच्या घागरी ओतणारे हात एकाच जातकुळीचे आहेत.

विल्यम्स काय म्हणाले, आणि एडिन्सना काय कळले

गार्थ विल्यम्स यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा: पांढऱ्या लोकरीचे प्राणी हे गोऱ्या माणसांचे रक्ताचे नातेवाईक मानले जातात हे मला ठाऊक नव्हते. हे पुस्तक मुलांसाठी आहे, त्यांना ते कळेल; मोठ्यांना कळणार नाही, कारण त्यात द्वेषाचा छुपा निरोप नाही. उत्तर झणझणीत आहे. विल्यम्स यांनी वंशभेदावर पुस्तक लिहिले नव्हते. चित्रात काळा रंग पांढऱ्याशेजारी उठून दिसतो, हे चित्रकाराचे साधे गणित होते.

तरीही मी म्हणेन की एडिन्सला एक गोष्ट बरोबर कळली होती. माणसाचे मन घडवायचे काम तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होते. 'कुणी कुणाशी खेळावे, कुणी कुणाशी लग्न करावे' याचे पहिले चित्र मूल पुस्तकात पाहते आणि त्या चित्रात बहुधा माणसे नसतात, ससे आणि उंदीर असतात. काळा ससा आणि पांढरी सशीण यांच्या लग्नात सगळे रान नाचते हे चित्र ज्या मुलाने शंभर वेळा पाहिले, त्याला पुढे 'हे निसर्गाविरुद्ध आहे' असे पटवणे थोडे अवघड जाते. वर्चस्व टिकवणाऱ्याला हे 'थोडे अवघड'सुद्धा परवडत नाही.

१९६७ साली लव्हिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे विवाहबंदी कायदे रद्द केले. अलाबामाने आपल्या राज्यघटनेतले ते कलम काढायला मात्र २००० साल उजाडले आणि त्या मतदानातही सुमारे चाळीस टक्के लोकांनी ते ठेवावे म्हणूनच मत दिले.

आता आपल्या घरातले लग्न बघू

आपल्याकडेही लहान मुलांच्या पुस्तकांत एका प्राण्याच्या लग्नाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते. रंगीत चित्रांसह, मोठ्या टायपात, एसटी स्टँडवरच्या स्टॉलपासून मॉलमधल्या दुकानापर्यंत ती मिळते. ही पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रातली उंदराच्या मुलीची गोष्ट.

एक ऋषी नदीवर स्नान करत असतो. ससाण्याच्या चोचीतून निसटलेली उंदराची पिल्ली त्याच्या ओंजळीत पडते. तो तपाच्या बळावर तिची मुलगी करतो, घरी नेतो, बायको तिला वाढवते. मुलगी लग्नाची होते. बाप सूर्याला बोलावतो. ती म्हणते, हा फार तापट. सूर्य म्हणतो, माझ्यापेक्षा ढग मोठा, तो मला झाकतो. ढगाला ती नाकारते, कारण तो काळा आहे आणि जड आहे. वारा चंचल म्हणून नको. डोंगर कठीण म्हणून नको. डोंगर म्हणतो, माझ्यापेक्षा उंदीर मोठा, तो मला पोखरतो. उंदीर समोर आला आणि मुलीच्या अंगावर आनंदाने काटा आला. बाबा, मला पुन्हा उंदीर करा, हाच माझा नवरा! ऋषीने तिला उंदीर केले. तात्पर्य: आपली जात ओलांडता येत नाही.

हे तात्पर्य मी चिकटवलेले नाही. मूळ संस्कृत कथेत 'स्वजाती' हाच शब्द आहे. पंचतंत्रात असाही एक श्लोक आहे, ज्याचा आशय असा की ज्यांची संपत्ती समान आणि कुळ समान, त्यांच्यातच मैत्री आणि विवाह व्हावा. नीट ऐका. मैत्री आणि विवाह, दोन्ही एका दमात बांधून टाकले आहेत.

आता विल्यम्स यांचा बचाव इथे लावून पाहा. 'अहो, साधे उंदीर तर आहेत!' अलाबामात लेखकाच्या मनात जे नव्हते ते एडिन्सने वाचले. आपल्याकडे लेखकाने जे उघड लिहिले ते आपण वाचलेच नाही. त्यांनी कल्पनेतला निरोप शोधला आणि आकाशपाताळ एक केले. आपण स्पष्ट लिहिलेला निरोप आपल्याच पोरांना झोपताना वाचून दाखवला.

निळ्या कोल्ह्याची गोष्टही आठवा. कोल्हा नीळ भरलेल्या हौदात पडतो, निळा होतो, जंगलचा राजा होतो. एक दिवस बाकीचे कोल्हे ओरडतात, याच्याही तोंडून ओरड निघते आणि त्याला फाडून टाकतात. मुलाला शिकवले जाते, खोटेपणा करू नये. ठीक. पण खाली वाहणारा दुसरा प्रवाह असा, की अंगावर कितीही चांगला रंग चढला, कपडे बदलले, खुर्ची मिळाली, तरी एक दिवस तोंड उघडताच जन्म बाहेर येतो. 'शेवटी जातीवर गेलाच' हा टोमणा ज्याने ऑफिसात, कॉलेजात, होस्टेलवर ऐकला आहे, त्याला निळा कोल्हा कोण हे समजावून सांगावे लागत नाही.

पंचतंत्रात चांगले काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या तंत्रातली कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची मैत्री फार सुंदर आहे. चौघे चार जातींचे आणि एकमेकांसाठी जीव टाकणारे. पण या ग्रंथाची चौकट विसरू नका. विष्णुशर्मा ब्राह्मण एका राजाच्या तीन मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत राज्य करायला शिकवतो, त्यासाठी या गोष्टी आहेत. पहिल्याच तंत्राचे नाव 'मित्रभेद', म्हणजे मैत्री फोडणे. सिंह आणि बैल यांची मैत्री कोल्हा कसा फोडतो, याची ती कथा. इथे मैत्री हे राजकारणाचे हत्यार आहे. जोडले तर फायदा कुणाचा आणि फोडले तर कुणाचा, एवढाच हिशेब.

बाबासाहेबांनी बोट नेमके कुठे ठेवले?

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीची व्याख्या करताना मोठमोठे पंडित धंदा, सोवळे, रोटीव्यवहार असे काय काय सांगत होते. बाबासाहेबांनी सगळे बाजूला सारून सांगितले की जातीचे खास लक्षण एकच, जातीतल्या जातीत विवाह. त्याभोवतीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह उभे राहिले. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण मंडळाने होऊ न दिलेले ते भाषण 'जातिनिर्मूलन' म्हणून त्यांनी स्वतः छापले. त्यात त्यांनी म्हटले की सहभोजनाने जात मरत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, कारण रक्त एक झाल्याशिवाय आपलेपणाची भावना येत नाही. आणि लोक असे विवाह करत नाहीत, कारण त्यांच्या मनावर शास्त्रांचे पावित्र्य बिंबलेले आहे. ते मन आधी मोकळे करा.

हे मन कधी बांधले जाते? मनुस्मृती तर कुणी लहान मूल वाचत नाही. घराघरात मनुस्मृतीची प्रतही नसते. पण उंदराच्या मुलीची गोष्ट घराघरात असते. शास्त्र मोठेपणी वाचून कुणी जातीयवादी होत नाही. शास्त्राचा अर्क बालपणीच गोष्टीतून, म्हणींतून, 'त्यांच्या घरी पाणी पिऊ नकोस' या कुजबुजीतून पोटात गेलेला असतो.

कायदा कधीच बदलला. १९४९ च्या कायद्याने हिंदूंमधल्या आंतरजातीय विवाहांना वैधता दिली, १९५४ चा विशेष विवाह कायदा आला, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर जीव आटवला आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले. पण २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाह सुमारे पाच टक्केच निघाले. आणि सोनई, खर्डा ही गावांची नावे आज आपण गावे म्हणून उच्चारत नाही. खर्ड्यात तर सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या आवारातून मारत नेला गेला. पोरगा एका मुलीशी बोलतो, या संशयावर! 'खेळा बरोबर, डबा खा बरोबर, पण पुढे नको' ही रेघ गावातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. ती त्याला कोणत्या वर्गात शिकवली गेली? कोणत्याच नाही. म्हणूनच ती पुसणे कठीण.

इथे स्वतःकडेही बघू. आपल्या वधू-वर मेळाव्यांत, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोटजात विचारली जात नाही का? बौद्ध म्हणवणाऱ्या घरात मातंग किंवा चर्मकार सून येणार म्हटल्यावर भुवया उंचावत नाहीत का? तेव्हा उंदराच्या लग्नात आपणही अक्षता टाकत असतो.

तित्तिर, माकड आणि हत्ती

प्राणिमित्रांच्या गोष्टींचा आपला स्वतःचा, याहून वेगळा वारसा आहे आणि तो आपण विसरलो आहोत.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बुद्ध भिक्खूंसह श्रावस्तीकडे निघाले होते. काही भिक्खूंचे चेले पुढे पळाले आणि चांगल्या चांगल्या निवासजागा आपल्या गुरूंसाठी अडवून बसले. सारिपुत्त मागून आले. त्यांना जागा उरली नाही, ते झाडाखाली रात्रभर बसले. पहाटे बुद्ध बाहेर आले आणि खोकले. झाडाखालून सारिपुत्तही खोकले. कोण आहे? मी सारिपुत्त. बुद्धांनी भिक्खूंना एकत्र केले आणि विचारले, उत्तम आसन, उत्तम पाणी, उत्तम भिक्षा यांचा मान कुणाचा? काही म्हणाले, जो क्षत्रिय कुळातून आला त्याचा. काही म्हणाले, जो ब्राह्मण कुळातून आला त्याचा. चीवर अंगावर होते, पण जात मनात होती.

तेव्हा बुद्धांनी एक प्राणिकथा सांगितली. हिमालयाच्या उतारावर एका मोठ्या वडाजवळ तित्तिर, माकड आणि हत्ती असे तीन मित्र राहत. मैत्री होती, पण एकमेकांचा मान नव्हता. ते म्हणाले, आपल्यात ज्येष्ठ कोण ते ठरवू. हत्ती म्हणाला, मी पिल्लू होतो तेव्हा हा वड माझ्या पोटाला घासत असे. माकड म्हणाले, मी पिल्लू होतो तेव्हा जमिनीवर बसून याचा शेंडा कुरतडत असे. तित्तिर म्हणाला, पलीकडे एक वड होता, त्याचे फळ मी खाल्ले आणि इथे विष्ठा टाकली; त्या बीचा हा वड. हत्ती आणि माकड यांनी त्या एवढ्याशा पाखराला वडील मानले. तिघे शील पाळून, एकमेकांना मान देत राहिले.

बघा, गोष्टीत सगळ्यात बलदंड हत्ती आहे. मान मिळतो सगळ्यात लहान पाखराला, आणि तोही ज्याला लोक घाण म्हणतील त्यातून झाड उगवले म्हणून! बुद्धांनी नियम घातला की संघात मान प्रव्रज्येच्या क्रमाने, कुळाच्या क्रमाने नाही. याचा प्रत्यक्ष अर्थ काय झाला? शाक्य राजपुत्र दीक्षेला आले, तेव्हा त्यांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा द्यायला सांगितले. आपण त्याला वंदन करू आणि आपला अभिमान जिरेल, म्हणून. वय प्रत्येकाला येते, जन्म कुणाला बदलता येत नाही. मोजमाप बदलले की सगळी उतरंड कोसळते.

पुढे हीच कथा जातककथांत आली. भूतानमध्ये आणि तिबेटात तिचे रूप आजही घरांच्या आणि विहारांच्या भिंतींवर रंगवलेले असते: झाडाखाली हत्ती, त्याच्या पाठीवर माकड, त्यावर ससा आणि सगळ्यात वर पाखरू. होय, तिथेही ससा आहे, आणि त्याला कुणी जाळायला निघालेले नाही.

मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाचे कठडे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. आज ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यावर जातककथा कोरलेल्या आहेत आणि अनेक चित्रांशेजारी ब्राह्मीत नावे आहेत. चित्र आणि खाली ओळ! याला दगडातले चित्रपुस्तक नाही तर काय म्हणायचे? त्यातच हरीण, सुतारपक्षी आणि कासव यांची कुरुंगमिग जातकाची कथा आहे. हरीण फासात अडकते, कासव दातांनी वादी कुरतडते, सुतारपक्षी पारध्याला घराबाहेर पडू देत नाही. एक रानातला, एक आकाशातला, एक पाण्यातला. कुळ समान नाही, संपत्ती समान नाही, आणि मैत्री मात्र अशी!

मग काय, जाळायचे?

कुणी विचारेल, एडिन्स पुस्तक जाळा म्हणाला आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला आपणही मनुस्मृती जाळली. फरक काय?

फरक मोठा आहे. एडिन्सच्या हातात सत्ता होती, तिजोरी होती, आणि त्याला इतरांच्या मुलांच्या हातातून पुस्तक काढून घ्यायचे होते. महाडला ज्यांनी आग लावली त्यांच्या हातात काहीच नव्हते. ज्या ग्रंथाने त्यांना बांधले, त्याचे बंधन आम्ही मानत नाही हे त्यांनी जगासमोर जाहीर केले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही लक्षात ठेवा. आणि त्यानंतर बाबासाहेबांनी मनुस्मृती वाचणे सोडले नाही. आयुष्यभर वाचली, तपासली, तिचे दाखले दिले.

म्हणून उंदराची गोष्ट कपाटातून काढा असे मी म्हणणार नाही. मुलांपुढे ठेवा आणि विचारा. आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गात मी ती वाचली आणि विचारले, त्या मुलीने शेवटी काय केले? सात वर्षांची एक पोर म्हणाली, 'सर, ती तर मुलगी झाली होती ना, मग पुन्हा उंदीर का झाली?' आपण मोठ्यांनी जो प्रश्न कधी विचारला नाही, तो तिने एका दमात विचारला. मग आम्ही तित्तिराची गोष्ट वाचली. वाचली म्हणजे मी तोंडी सांगितली, कारण त्या वयाच्या मुलाच्या हातात देता येईल असे तिचे मराठी चित्रपुस्तक माझ्याकडे नव्हते.

इथेच आपले काम आहे. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल बघा. जगात कुठल्या चळवळीत माणसे उपाशीपोटी पुस्तके विकत घेत असतील तर ती आपल्या. पण त्या गठ्ठ्यात तीन वर्षांच्या लेकरासाठी काय असते? बाबासाहेबांचे चरित्र असते, आणि ते हवेच. पण तीन वर्षांच्या मुलाला चरित्र कळत नाही, त्याला ससा कळतो. त्याचा ससा, त्याचा हत्ती, त्याचा उंदीर आपण दुसऱ्यांच्या हवाली केला आहे.

खर्च फार नाही. सोळा पाने, आठ चित्रे. आपल्यात चित्रकार आहेत, पाली वाचणारे भन्ते आहेत, डीटीपी करणारी पोरे आहेत. तित्तिर जातक आणि कुरुंगमिग जातक एवढ्या दोनच पुस्तकांनी सुरुवात करा. प्रत्येक विहारात पाच प्रती. पुढच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला एका तरी स्टॉलवर ती दिसू द्या.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेवर न थांबता मैत्रीपर्यंत जायला सांगितले: करुणा माणसांपुरती राहील, मैत्री सगळ्या सजीवांपर्यंत पोहोचली पाहिजे. पंचतंत्राचा श्लोक मैत्री समान कुळाच्या कुंपणात कोंडतो; बाबासाहेब ती पाखराप्राण्यांपर्यंत मोकळी करतात. आपल्या मुलाच्या हातात यापैकी कोणती मैत्री द्यायची, हे त्याच्या तिसऱ्या वर्षी ठरवावे लागते. विसाव्या वर्षी ठरवायला बसलो तर उशीर झालेला असतो. कधी कधी तर फारच उशीर.

जय भीम!